तळटीप : प्लॅटिपसची ‘चोच’

* लेखकाने ‘बदकाची चोच’ म्हटले आहे. ते दिसण्यापुरतेच खरे. पूर्व ऑस्ट्रेलियातल्या या अंडी घालणाऱ्या सस्तन प्राण्याची चोच मऊ, ओलसर कातडीने मढवलेली असते. पिलांना दाढा येतात, पण त्या लवकरच गळतात. पुढे शिंगासारख्या कठीण पट्ट्यांवरच भक्ष्य रगडायचे. खरी नवलाई मात्र त्या कातडीत आहे. बुडी मारताच प्लॅटिपस डोळे, कान, नाकपुड्या मिटून घेतो आणि चोच डावी-उजवीकडे हलवत गढूळ तळ धुंडाळतो. चोचीवरचे सुमारे ४०,००० विद्युत्-संवेदक कोळंबीच्या स्नायूंतून उठणारी अतिक्षीण वीज टिपतात. पाण्याची हालचाल ओळखणारे स्पर्शसंवेदक वेगळेच. जॉर्ज शॉने १७९९ मध्ये पहिले शास्त्रीय वर्णन केले ते वाळलेल्या कातड्यावरून. ही विद्युत्-जाणीव उघडकीस यायला १९८६ उजाडले. — संपा.