मिठासाठी खणू नये

शिरपूरवरून जाणारा आग्रा रोड नाशिक ओलांडतो, तेथेच पांडवलेण्यांचा डोंगर आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची, राज्याच्या 24 व्या वर्षीची एक आज्ञा कोरलेली आहे. गोवर्धनच्या सामक नावाच्या अमात्याला राजा आणि राजमाता कळवतात की, कखडी गावी भिक्षूंना दिलेले शेत कसले जात नाही, गावातही वस्ती नाही; तरी नगराच्या सीमेवरील राजाच्या जमिनीतून 100 निवर्तने द्यावीत. या शेतात राजपुरुषांनी शिरू नये, मिठासाठी खणू नये.

दानापेक्षा ही सूट आम्हाला बोलकी वाटते. ती लिहून द्यावी लागते, याचा अर्थ शेजारच्या कुणब्याला ती नव्हती. (वर्गात हा लेख वाचताना हा प्रश्न जरूर विचारावा.)

मिठावर असा हक्क सांगणारे सातवाहन एकटे नव्हते. चीनमध्ये हान घराण्यातील (इ.स.पू. 206 ते इ.स. 220) सम्राट वू याने युद्धखर्चासाठी इ.स.पू. 117 च्या सुमारास मीठ आणि लोखंड सरकारच्या ताब्यात घेतले. इ.स.पू. 81 मध्ये त्यावर दरबारातच वाद झाला. सरकारी अवजारे निकृष्ट आणि महाग असतात, ही शेतकऱ्यांची तक्रार विद्वानांनी तेथे मांडली, आणि ती ग्रंथात टिकली.

कखडीकरांची तक्रार कोणी टिपली नाही. सहाच वर्षांपूर्वीच्या लेखात कखडीचेच एक शेत नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे असल्याचा उल्लेख आहे. दोन राजवटींच्या लढाईत गाव उठले असावे, असे आम्हाला वाटते.