लाल गाडीची गोष्ट

लॉस एंजेलिसमध्ये मनुष्यप्राण्याला दोन पाय आणि चार चाके असतात. पाय हे मोटारीपासून दुकानाच्या दारापर्यंत जाण्यासाठी. ज्याच्याजवळ नुसते पायच आहेत तो एक तर पाहुणा, नाही तर म्हातारा, नाही तर गरीब. मुलाकडे राहायला गेलेल्या मराठी आईबापांत पहिली दोन लक्षणे असतातच. डॉलरचे रुपये करू लागले की तिसरेही आपोआप येते.

बसची वाट पाहून पाय दुखले की असा माणूस साहजिकच म्हणतो, "या लोकांना ट्रॅम वगैरे काही ठाऊकच नाही का हो?" ठाऊक नसायला काय झाले! एके काळी याच गावात ट्रॅमचे केवढे तरी जाळे होते.

1901 साली हेन्री हंटिंग्टन या धनिकाने पॅसिफिक इलेक्ट्रिक कंपनी काढली. तिच्या विजेच्या लाल गाड्या पुढे हजार मैलांवर रुळांवरून डोंगरापासून समुद्रापर्यंत धावू लागल्या. गावातल्या गावात फिरायला पिवळ्या ट्रॅम वेगळ्या. आता हंटिंग्टनसाहेबांना प्रवाशांचा फार कळवळा होता, असे मात्र समजू नका. त्यांना विकायचे होते प्लॉट! ओसाड जमीन घ्यायची, तिथवर रूळ न्यायचे, की जमिनीचे सोने. प्लॉट खपल्यावर गाडीची काळजी कोण करतो?

गंमत पाहा, गाव ऐसपैस पसरवले ते ट्रॅमने आणि पसरलेल्या गावात हवीशी वाटू लागली मोटार. ट्रॅमने आपल्या हाताने सवत घरात आणली म्हणायची.

सवत आली ती रस्ता अडवूनच बसली. मोटारींच्या गर्दीत ट्रॅम खोळंबू लागल्या, तेव्हा 1920 च्या एप्रिलमध्ये नगरपालिकेने गावाच्या मध्यभागी दिवसा मोटार उभी करायला बंदी केली. दुकानदार हवालदिल झाले. क्लारा किंबल यंग ही सिनेनटी मोटारींची मिरवणूक घेऊन निषेधाला निघाली. काही आठवड्यांतच नियम सैल झाला. ट्रॅमच्या बाजूने मिरवणूक काढायला कोणी नटी नव्हती.

मग ट्रॅमला मारले कोणी? तिथे कोणालाही विचारा, "मोटारवाल्यांनी!" 1949 साली शिकागोच्या कोर्टाने जनरल मोटर्स आणि टायर-तेलाच्या कंपन्यांना दोषी ठरवले हे खरे, पण ते बसगाड्या आणि त्यांचे सामान विकण्याची मक्तेदारी साधल्याबद्दल. दंड पाच हजार डॉलर, आणि जनरल मोटर्सच्या खजिनदाराला एक डॉलर! या मंडळींचा पैसा ज्या कंपनीत होता तिने 1945 साली पिवळ्या ट्रॅम घेतल्या होत्या. लाल गाड्या तिच्या नव्हत्याच. त्या तोट्याने आणि खोळंब्याने आधीच अंथरुणाला खिळल्या होत्या.

लाँग बीचची शेवटची लाल गाडी 1961 च्या एप्रिलमध्ये गेली आणि शेवटची पिवळी ट्रॅम 31 मार्च 1963 ला. बरोबर एका वर्षाने, 31 मार्च 1964 ला, आपल्या मुंबईचीही ट्रॅम बंद झाली. मार्चअखेर जुनी खाती मिटवण्याची आपली रीत त्यांनाही माहीत असावी!

पुढे 1980 साली तिथल्या मतदारांनी अर्ध्या टक्क्याचा विक्रीकर मान्य केला, आणि 1990 च्या जुलैत लाँग बीचची गाडी पुन्हा सुरू झाली. बहुतेक वाट तीच, जुन्या लाल गाडीची! त्यानंतर आणखी मार्ग झाले. पण घरे प्लॉटांच्या हिशेबाने दूरदूर पसरलेली. स्टेशन आले तरी घरापासून स्टेशनापर्यंत जायचे कसे, हा प्रश्न उरतोच.

मोटार न चालवणाऱ्याचा नुसता वेळ जातो असे नाही. उभा जन्म स्वतःच्या हिमतीवर काढलेल्या बाईला कोथिंबिरीच्या जुडीसाठी मुलाच्या शनिवारची वाट पाहावी लागते. मुलगा बिचारा तक्रार करत नाही, पण तीच एक दिवस म्हणते, "राहू दे रे, कोथिंबिरीवाचून काही अडत नाही." अडते, तर! सगळे तिथेच अडते.