बेरुबारी युनियन क्रमांक बारा

कायद्याच्या विद्यार्थ्यांना बेरुबारी हे नाव राज्यघटनेच्या प्रास्ताविकेमुळे ठाऊक असतं. प्रास्ताविका घटनेचा भाग आहे की नाही, हा वाद १९६० साली बेरुबारी प्रकरणात उपस्थित झाला आणि १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात मिटला. परीक्षेला एवढं पुरतं. मी मात्र हा विषय शिकवताना आधी फळ्यावर जलपाईगुडी जिल्हा काढायचो, कारण प्रश्न त्या मातीतून निघाला होता.

फाळणीची रेषा आखणाऱ्या रॅडक्लिफ यांनी १९४७ साली हा जिल्हा पोलीस ठाण्यांच्या हद्दींवरून तोडला. तेतुलिया, पंचगड, बोदा, देबीगंज आणि पाटग्राम ही ठाणी पूर्व बंगालकडे गेली, बाकीची भारतात राहिली. निवाड्याला रेषेचं लेखी वर्णन जोडलं होतं आणि नकाशाही. दोन्हींत फरक पडला तर वर्णनच प्रमाण मानायचं होतं. त्या वर्णनात हद्दीचा एक तुकडा सुटला होता. बेरुबारी ही युनियन, म्हणजे काही गावांचा गट, जलपाईगुडी ठाण्यात येत असे आणि तिथला कारभार भारतच पाहत होता. तरी १९५२ साली पाकिस्तानने तिच्यावर हक्क सांगितला.

१० सप्टेंबर १९५८ रोजी नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांच्यात तोड निघाली : बेरुबारी निम्मी निम्मी करायची. देबीगंज ठाण्याच्या ईशान्य कोपऱ्यापासून आडवी रेघ ओढायची, खालचा भाग पाकिस्तानला द्यायचा. साऱ्या युनियनचं क्षेत्र ८.७५ चौरस मैल, वस्ती दहा ते बारा हजार. विहिरी, हाट, सासर-माहेर यांचा त्या रेघेशी काही संबंध नव्हता.

सरकारचं म्हणणं होतं, ही फक्त हद्दीची निश्चिती आहे, संसदेकडे जायचं कारण नाही. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागितलं. १४ मार्च १९६० रोजी आठ न्यायमूर्तींच्या पीठाचं एकमुखी मत आलं. ते लिहिलं होतं साताऱ्यात जन्मलेल्या प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. त्याचा आशय असा : हा निवाड्याचा अर्थ लावणं नव्हे, हा भूभाग देऊन टाकणं आहे, आणि त्यासाठी घटनादुरुस्तीच हवी.

राज्याच्या हद्दीच्या वादात वाढलेली बेळगाव भागातली मुलं वर्गात असत, त्यांना हा फरक पटकन कळे. अनुच्छेद ३ नुसार राज्याची हद्द बदलायला संसदेचा साधा कायदा पुरतो. परक्या देशाला गाव द्यायचं तर तेवढ्यावर भागत नाही. 'पण लोकांना विचारलं का?' हा त्यांचा पुढचा प्रश्न असे. विचारलं नव्हतं.

डिसेंबर १९६० मध्ये नववी घटनादुरुस्ती झाली. पश्चिम बंगालचा कडाडून विरोध होता, गावकरी कोर्टात गेले. १९६५ साली त्यांचं अपील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलं. तेव्हा गजेंद्रगडकर सरन्यायाधीश होते आणि तो निकालही त्यांचाच. कायद्याची वाट मोकळी झाली होती, पण जमीन हस्तांतरित झालीच नाही. १९७१ साली समोरचा देशच बदलला. १९७४ च्या इंदिरा-मुजीब करारात दक्षिण बेरुबारी भारताकडेच ठेवायचं ठरलं; बदल्यात भारतीय मुलखाने वेढलेले दहग्राम आणि अंगरपोता बांगलादेशाकडे राहिले आणि तिथे जायला तीनबिघाची वाट देऊ केली गेली. भारताच्या ताब्यात असलेली पण कागदावर परकी मानलेली काजलदिघीसारखी गावं मात्र ताटकळतच राहिली. त्यांच्यासाठी शंभरावी घटनादुरुस्ती व्हायला २०१५ उजाडलं.

न्यायालयाने बेरुबारी वाचवली असं मी म्हणणार नाही. त्याने दोन्ही वेळा फक्त कायदा सांगितला. पण घटनादुरुस्तीच्या अटीमुळे देशाला थांबावं लागलं, आणि त्या थांबण्यात माणसांना सभा घ्यायला, मोर्चे काढायला, दाद मागायला वेळ मिळाला. १९४७ साली पंजाब आणि बंगालच्या खेड्यांना तो मिळाला नव्हता. तिथे सारं काही आठवड्यांत उरकलं आणि रेघ कुठून गेली हे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी जाहीर झालं. सरहद्दी कधीकधी बदलाव्या लागतात, हे मला मान्य आहे. मात्र हे काम दोन पंतप्रधानांच्या सहीने उरकता कामा नये. त्याला वेळ लागलाच पाहिजे, आणि ते उघड्यावर, ज्यांची घरं त्या रेघेत येतात त्यांच्या देखत झालं पाहिजे.