सैनिकाच्या वतीने कोण बोलणार?

'वकील' हा शब्द मराठीत पूर्वी केवळ न्यायालयापुरता नव्हता. पेशवेकालीन कागदपत्रांतला वकील म्हणजे परक्या दरबारात आपल्या धन्याच्या वतीने बोलणारा माणूस. लष्करी कायद्याचा इतिहास वाचताना हा जुना अर्थ वारंवार आठवतो. गुन्हा कोणता आणि शिक्षा किती हे प्रश्न तेथे महत्त्वाचे आहेतच. पण त्यांच्याइतकाच निर्णायक ठरत आला आहे तो आरोपी सैनिकाच्या वतीने बोलण्याची मुभा कोणाला, हा प्रश्न.

आपल्या स्मरणात लष्करी खटला म्हटला की लाल किल्ला उभा राहतो. ५ नोव्हेंबर १९४५ रोजी आझाद हिंद सेनेतील शाहनवाझ खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ या तिघांवर तेथे जनरल कोर्ट मार्शल सुरू झाले. कायदा १९११चा इंडियन आर्मी अ‍ॅक्ट. न्यायासनावर लष्करी अधिकारी. मुख्य आरोप राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा. बचावासाठी काँग्रेसने नेमलेल्या समितीत तेजबहादूर सप्रू, कैलासनाथ काटजू, असफ अली होते. जवाहरलाल नेहरूंनीही अनेक वर्षांनी बॅरिस्टरचा झगा चढवला. युक्तिवादाची धुरा मात्र भुलाभाई देसाई यांच्याकडे होती. मुंबई हायकोर्टात नाव कमावलेल्या या वकिलाने १९२८च्या बार्डोली सत्याग्रहानंतर चौकशी समितीपुढे शेतकऱ्यांची बाजू मांडली होती.

भुलाभाईंनी दयेची याचना केली नाही. आझाद हिंद सरकार हे रीतसर स्थापन झालेले सरकार होते, त्याची सेना संघटित होती, स्वातंत्र्यासाठी युद्ध करण्याचा पारतंत्र्यातील लोकांनाही अधिकार आहे, आणि युद्धाच्या ओघात घडलेल्या कृत्यांसाठी व्यक्तीला सामान्य गुन्हेगार ठरवता येत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या आधारे त्यांनी 'राजनिष्ठा' या शब्दाचा अर्थच वादाचा विषय केला.

न्यायासनाला हे पटले नाही. तिघेही युद्ध पुकारल्याबद्दल दोषी ठरले आणि त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची, बडतर्फी व थकित वेतन जप्त अशी शिक्षा झाली. ३ जानेवारी १९४६ रोजी सरसेनापती ऑकिनलेक यांनी काळ्या पाण्याची शिक्षा माफ केली. बडतर्फी आणि वेतनजप्ती कायम ठेवली. म्हणजे कायद्याच्या परिभाषेत बचाव पक्ष हरला. तरीही हा खटला हरल्यासारखा कोणालाच वाटला नाही, कारण जे बोलायचे ते भर न्यायालयात बोलले गेले, नोंदले गेले आणि वृत्तपत्रांतून देशभर पोहोचले.

या तेजस्वी प्रसंगाच्या छायेत त्याच कायद्यातील दुसरी एक व्यवस्था झाकली जाते. ती म्हणजे समरी कोर्ट मार्शल. १८५७च्या उठावानंतर देशी पलटणींवरील कमांडिंग ऑफिसरची पकड घट्ट करण्याच्या धोरणातून ती रुजली. या न्यायालयात तो अधिकारी एकटाच न्यायाधीश असतो. आणखी दोघे हजर असतात, पण निकालात त्यांचा वाटा नसतो. स्वतंत्र भारताने १९५०च्या आर्मी अ‍ॅक्टमध्ये ही व्यवस्था कायम ठेवली. लेफ्टनंट कर्नल वा त्यावरील हुद्द्याचा कमांडिंग ऑफिसर यात एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो. १९५४च्या नियमांनुसार आरोपीला एक 'मित्र' सोबत घेता येतो. हा मित्र सल्ला देऊ शकतो. साक्षीदारांची तपासणी वा उलटतपासणी घेऊ शकत नाही, न्यायालयाला उद्देशून बोलू शकत नाही. वकिलाच्या जागी मौन पाळणारा मित्र, ही कल्पना कोणा नाटककाराला सुचली असती तर तिला आपण उपरोध म्हटले असते.

स्वदेश दीपक यांच्या 'कोर्ट मार्शल' या हिंदी नाटकात सवार रामचंदर जवळजवळ गप्प असतो. त्याने गोळी का झाडली हे बचाव करणारा अधिकारी उलटतपासणीतून बाहेर काढतो. जातीय अपमानाचे सत्य रंगमंचावर येते ते दुसऱ्याला प्रश्न विचारण्याची मुभा आहे म्हणून. ती मुभा काढून घेतली तर नाटकही उरत नाही आणि सत्यही.

वास्तवातील उदाहरण १९८७च्या रणजित ठाकूर विरुद्ध भारत सरकार या निवाड्याचे. या सिग्नलमनने कमांडिंग ऑफिसरच्या वागणुकीविरुद्ध परस्पर वरिष्ठांकडे तक्रार केली, म्हणून त्याला २८ दिवसांची कैद झाली. ती भोगत असताना जेवण्याचा हुकूम मोडल्याचा आरोप ठेवून समरी कोर्ट मार्शल भरले. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तोच अधिकारी त्यात न्यायाधीश! शिक्षा झाली एक वर्ष कैद आणि बडतर्फी. सर्वोच्च न्यायालयाने पक्षपात आणि गुन्ह्याच्या मानाने अवाजवी शिक्षा या कारणांनी ती रद्द केली व त्याला सेवेत परत घ्यायला लावले.

रणांगणावर न्याय त्वरित व्हावा लागतो, हा लष्कराचा युक्तिवाद खोटा नाही. परंतु शांततेच्या काळातल्या छावणीत तो किती ताणायचा? लष्करी न्यायालयांच्या निकालांवर अपिलाची सोय नाही, ही उणीव सर्वोच्च न्यायालयाने पृथीपालसिंग बेदी प्रकरणात १९८२ मध्येच दाखवून दिली होती. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा कायदा त्यानंतर २५ वर्षांनी, २००७ मध्ये झाला. या न्यायाधिकरणापुढे सैनिक आणि माजी सैनिक वकील देऊ शकतात. मुंबईतही त्याचे खंडपीठ आहे. मात्र समरी कोर्ट मार्शलमध्ये बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून अधिक कैद झाली असेल तरच हे दार उघडते. त्याहून कमी शिक्षा झालेल्या जवानाला हायकोर्टातील रिट हाच मार्ग उरतो, आणि तो त्याच्या ऐपतीबाहेरचा असू शकतो.

लाल किल्ल्यातील खटला आपण राष्ट्राची गाथा म्हणून शिकवतो, आणि ते योग्यच आहे. पण भुलाभाई ज्या अधिकाराच्या बळावर तेथे उभे राहिले, तो अधिकार मूळ खटल्याच्या वेळी, शिक्षा होण्याआधी, साध्या शिपायाला किती मिळाला, हे विचारल्याशिवाय त्या गाथेचे वाचन पुरे होत नाही.