ऑर्किडच्या कुंडीत झुरळ आले कुठून?

मुक्ताईनगर म्हटले की केळीच आठवते. ऑर्किड कुणाच्या डोक्यात येत नाही. पण या दोघांची गाठ जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी एकाच छपराखाली पडली होती. तिथे तिसरा पाहुणाही होता, न बोलावलेला. तो म्हणजे झुरळ.

ते छप्पर इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थचे. ड्यूक ऑफ डेव्हनशायर विल्यम कॅव्हेंडिश आणि त्याचा माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी तिथे कोळशाच्या उबेवर काचघरे चालवली. १८३५ मध्ये तिथे मॉरिशसकडून आलेल्या बुटक्या केळीला फुलोरा आला. ड्यूकच्या आडनावावरून तिला कॅव्हेंडिश म्हणू लागले. आपल्याकडची बसराई आणि ग्रँड नैन याच गटातल्या. त्याच वर्षी ड्यूकने जॉन गिब्सन या माळ्याला भारतात पाठवले. १८३७ मध्ये तो खासी टेकड्यांतली ऑर्किडे घेऊन परतला.

समुद्रावर झाडे जगवणारी पेटी तेव्हा नवीनच होती. नॅथानिएल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरला १८२९ मध्ये बंद बाटलीत नेचा वाढताना दिसला आणि त्यातून काचेची हवाबंद पेटी घडली. आतला ओलावा आतच फिरे, खाऱ्या वाऱ्याचा त्रास नसे. पण जी पेटी रोपाला जगवते, ती रोपाच्या मुळांत दडलेल्या किड्यालाही जगवते.

काचघरांना छळणाऱ्या एका झुरळाचे नाव सुरिनामी. लिनीयसने १७५८ मध्ये त्याला दक्षिण अमेरिकेचे नाव दिले, पण त्याचे मूळ घर भारत-मलाया प्रदेशात. ते मातीत राहते, कोवळी मुळे खाते आणि बाहेरच्या देशांत त्याच्या माद्या नराशिवायच वंश वाढवतात. म्हणजे एक मादी पेटीतून पोहोचली तरी पुरे. स्वयंपाकघरातल्या ‘जर्मन’ झुरळाचीही तीच गत. २०२४ च्या जनुकीय अभ्यासाने त्याची मुळे भारत-म्यानमारच्या बाजूला दाखवली. ऑर्किड आपल्याकडून गेले, बदनाम किडाही आपल्याच बाजूचा. नावे मात्र परक्यांची.

काचघरातल्या माळ्यांनी काय केले? बरण्यांत काकवी ठेवली, म्हणजे झुरळ आत घसरून अडकते. रात्री दिवा घेऊन हाताने वेचले. काचघरात बेडूक सोडले. मग फॉस्फरसचा लेप आला, तंबाखूचा धूर आला. विसाव्या शतकात डीडीटी आले, पाठोपाठ क्लोरडेन. आता प्रश्न मिटला असे वाटले. पण १९५२ च्या सुमारास अमेरिकेत टेक्सासमध्ये क्लोरडेनला दाद न देणारी झुरळे सापडली. विष जुने झाले. बेडूक आणि दिवा तेवढे जुने झाले नाहीत.

कारण भांडण विषाचे नव्हतेच, जागेचे होते. ऑर्किडला ऊब, दमट हवा आणि कोळसा-नारळाच्या सोडणांतल्या फटी लागतात. झुरळालाही नेमके तेच लागते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की खानदेशात आपण ऑर्किड न्हाणीघराच्या खिडकीत किंवा माठाजवळ हलवतो. घरातली सगळ्यात गार, ओली जागा ती. झुरळाचा पत्ताही तोच.

म्हणून सकाळी मुळांची हिरवी टोके किंवा कळ्या कुरतडलेल्या दिसल्या तर फवारा उचलण्याआधी रात्री मोबाईलचा टॉर्च लावून पाहा. कुंडी पाऊण तास पाण्याच्या बादलीत काठोकाठ बुडवा. लपलेले वर येतात. कुजलेला सोडणा बदला. कुंडी भिंतीला टेकवू नका, टांगा. शेजारी खरकटे नको. विषाची गोळी किंवा जेल वापरायचेच, तर ते कुंडीत न घालता भिंतीच्या फटीत, मुलांच्या हाताला लागणार नाही असे लावा.

मुंग्यांची रांग दिसली तर पानाच्या मागे पाहा. तिथे पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड असते आणि मुंग्या त्यांच्या गोड चिकट्यासाठी त्यांची राखण करतात. कापसाने किडी पुसा. कुंडीचे स्टँड पाण्याच्या वाट्यांत उभे करा. आजीच्या दुधाच्या कपाटाचे पाय असेच पाण्यात असायचे.

नवे रोप घरी आले की पंधरा दिवस वेगळे ठेवा. भारत सरकारने १९१४ मध्ये विध्वंसक किडी आणि रोगांविरुद्ध कायदा केला, तो बाहेरून येणाऱ्या रोपांसोबतच्या किडीला बंदरावर अडवण्यासाठी. मावा ज्या सीएमव्ही रोगाला एका केळीवरून दुसरीवर नेतो, तो पाहिलेल्या मुक्ताईनगरच्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. रोप कधी एकटे येत नाही, हे त्याला ठाऊक असते.