टपावरची पन्हळ

मुंबईच्या जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या टपावर एक लोखंडी कॅरियर असायचा. वळकटी, ट्रंक, आंब्याच्या पेट्या, लग्नघरातली गादी, काहीही त्यावर चढायचं. या पद्मिनीवरचा कॅरियर काढून त्या पद्मिनीवर घातला तरी बसायचा. चार बाजूंचे चार क्लॅम्प आवळले की काम संपलं. गाडीचं साल कोणी विचारत नसे.

आज मात्र विचारतात. दोन सायकली आणि मित्राबरोबर निम्म्या-निम्म्या पैशांत घेतलेली एक कायाक, एवढंच मला न्यायचं आहे. पानशेतला, फार तर तारकर्लीला. पण दुकानदाराने आधी गाडीचं मॉडेल विचारलं, मग साल, मग "रेल आहे का? रेल आणि छताच्या मधे फट आहे का?" आणि शेवटी, "तुमच्या गाडीचं किट वेगळं मागवावं लागेल." आता एक साधी गोष्ट एवढी अवघड कधी आणि का झाली, हा प्रश्न आमच्या धंद्यातल्या माणसाला स्वस्थ बसू देत नाही. जुनं व्हर्जन चाललं होतं ना? मग मधे कोणी काय बदललं? अस्मादिकांचा अख्खा वीकेंड त्यातच गेला.

तर मंडळी, सुरुवातीच्या मोटारींना कॅरियर लावण्यासारखं छतच नव्हतं. बाजू पत्र्याच्या, पण टपाचा मधला भाग लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचा. एवढा रुंद पत्रा एका तुकड्यात दाबून त्याचं छत काढणं तेव्हा कारखान्यांना जमत नव्हतं. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३५ च्या मॉडेलांना अखंड पोलादी छत दिलं, त्याचं नाव 'टरेट टॉप'. हळूहळू सगळेच त्या वाटेने गेले.

आता छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा कुठेतरी जोडायला हवा. दोन्हींच्या कडा एकावर एक घेऊन वेल्डिंग करायचं आणि ती कड जराशी बाहेर वळवायची, की दारांच्या वर आपोआप एक पन्हळ तयार होते. (इंग्रजी नाव रेन गटर. पण कौलारू घराला असते तीच ही, तेव्हा मी पन्हळच म्हणणार.) जोड झाकला जातो आणि दार उघडल्यावर छतावरचं पाणी मानेवर येत नाही. एवढ्याचसाठी ती होती. पण तिच्यात एक गंमत होती: ती जवळजवळ प्रत्येक गाडीला होती, आणि छताच्या सगळ्यात दणकट भागात होती. तिच्यात क्लॅम्प अडकवला की छतावरचं वजन सरळ खांबांवर उतरायचं, मधल्या पातळ पत्र्यावर यायचं नाही. कोणीही न ठरवलेलं, कुठल्याही कागदावर नसलेलं, पण सगळ्यांनी पाळलेलं स्टँडर्ड! प्रोग्रॅमर मंडळींना अशा इंटरफेसची किंमत वेगळी सांगायला नको.

या पन्हळीवर पुढे मोठमोठे धंदे उभे राहिले. स्वीडनमध्ये स्मोलांड प्रांतात हिलरस्टॉर्प नावाचं गाव आहे. तार आणि पत्र्याचं काम करणाऱ्या छोट्या कारखान्यांसाठी तो सगळा भाग प्रसिद्ध. तिथे १९४२ साली एरिक थुलिन यांनी 'थूले' सुरू केली, ती पाईक जातीचे मासे पकडायचे सापळे विकायला. गाडीच्या सामानाकडे ही कंपनी वळली १९६० च्या दशकात. स्वीडिश कुटुंबाकडे तोवर गाडी आली होती, रविवारची सुट्टी होती, बर्फ तर होतंच. पण स्की गाडीच्या आत मावत नव्हते. पन्हळ हजर होतीच.

दुसरी कंपनी अमेरिकेतली, 'याकिमा'. वॉशिंग्टन राज्यातल्या त्याच नावाच्या गावात ती १९७३ साली सुरू झाली, आणि तिचा पहिला माल म्हणजे कायाकमध्ये बसल्यावर पाय टेकवायचे आधार. पुढे ती कॅलिफोर्नियात आर्काटाला गेली आणि कायाक पाण्यापर्यंत न्यायचं सामानही करू लागली. म्हणजे एकीने सुरुवात केली माशांपासून, दुसरीने पाय टेकवण्यापासून. याकिमाच्या दांड्या गोल, थूलेच्या चौकोनी. एकीचा सायकल-ट्रे दुसरीच्या दांडीवर सरळ बसेल तर शपथ. वर्षानुवर्षं अमेरिकेतले लोक यावरून भांडले, आपल्याकडे विंडोज-लिनक्सवरून भांडतात तसे :-)

पण त्या दोघींच्या दांडीखालची पन्हळ एकच होती. मोडली ती तिथे.

१९७३ चा तेलाचा भडका आठवा (म्हणजे वाचलेला आठवा, आपण तेव्हा कुठे होतो!). पेट्रोल महागलं आणि गाडी हवेतून किती सहज सरकते याला अचानक महत्त्व आलं. इंजिनिअर पवनबोगद्यात गाडीच्या अंगावर उठून दिसणारी एकेक गोष्ट शोधून कापायला लागले. १९८२ ची आऊडी १०० बघा. काचा दाराच्या पत्र्याशी सपाट, कुठे कंगोरा नाही, आणि हवेच्या रोधाचा गुणांक ०.३०, जो तेव्हा जाहिरातीत मिरवण्याइतका कमी होता. फोर्डच्या १९८३ च्या थंडरबर्डला आणि १९८६ च्या टॉरसला विमानासारखी, थेट छतात वळणारी दारं आली. पन्हळ त्यांच्या आड गेली. आवाज कमी झाला, पेट्रोल वाचलं, गाडी देखणी दिसायला लागली. हे सगळं खरं आहे आणि त्या इंजिनिअरांना मी नावं ठेवणार नाही. पण कॅरियरचा आधार गेला, आणि त्याच्या जागी सगळ्या गाड्यांना चालेल असं दुसरं काहीच कोणी दिलं नाही.

मग कॅरियरवाल्यांनी काय करावं? दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेला आतून धरणारा एक वाकडा आकडा काढला. पण प्रत्येक गाडीच्या चौकटीचं वळण वेगळं, म्हणून प्रत्येक मॉडेलसाठी आकडा वेगळा, त्याखालचा रबरी पायही वेगळा. यालाच दुकानदार 'किट' म्हणतो. सरळ सांगायचं तर हा ड्रायव्हर आहे. प्रिंटर तोच, पण तुमच्या मशिनचा ड्रायव्हर मिळाला तरच चालणार. गाडी बदलली की दांड्या राहतात, किट बदलायचं.

आपल्याकडे पन्हळ जास्त टिकली. पद्मिनी आणि अँबॅसेडर दोन्ही मुळात १९५० च्या दशकातल्या परदेशी गाड्या. अँबॅसेडर तर पन्हळीसकट २०१४ पर्यंत कारखान्यातून बाहेर पडत होती. ओम्नीला आणि जिप्सीलाही पन्हळ होती. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तिच्याबरोबर तो कॅरियरही गेला.

आता खरेदीकडे येतो, कारण हा इतिहास तिथे फार कामाचा आहे. कॅरियर बघताना पहिला प्रश्न ब्रँडचा नाहीच. पहिला प्रश्न: माझ्या गाडीचं वजन घेणारं हाड कुठे आहे? जुन्या गाडीत ते पन्हळीत होतं, कोणालाही डोळ्यांनी दिसायचं. नव्या गाडीत ते दाराच्या चौकटीत असेल, छतावरच्या काळ्या पट्टीखाली झाकलेल्या स्क्रूच्या भोकात असेल, किंवा रेलमध्ये असेल. आणि इथेच खरा धोका आहे. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांवरची रेल निव्वळ शोभेची असते. चंदेरी, ऐटबाज, आणि आत प्लास्टिक. मॅन्युअलमध्ये तसं बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं, पण मॅन्युअल डॅशबोर्डच्या खणातून बाहेर काढतं कोण? पन्हळ पाण्यासाठी केली होती आणि वजन घ्यायची. ही रेल वजन घेते असं दिसतं आणि पाणीसुद्धा अडवत नाही. मित्राच्या सोसायटीत एकाने अशाच रेलला दोरीने शिडी बांधून नेलेली मी पाहिली आहे. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला त्यातलं काहीच माहीत नसतं.

दुसरी गोष्ट वजनाची. पुष्कळ गाड्यांत छतावरची मर्यादा ५० ते ७५ किलो असते आणि त्यात कॅरियरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. दांड्या ५ किलो, दोन ट्रे मिळून १०, दोन सायकली २८: झाले ४३. वर २५ किलोची कायाक टाकली तर ६८. ७५ वाल्या गाडीत बसलं, ५० वाल्या गाडीत नाही. ही मर्यादा चालत्या गाडीची आहे. उभ्या गाडीचं छत याहून बरंच जास्त पेलतं, म्हणून "अरे, वर चार माणसं उभी राहतात" हा युक्तिवाद इथे लागू नाही.

आणि वारा. ताशी १०० किलोमीटरला एक चौरस मीटर सपाट पृष्ठभागावर वारा साधारण ४७ किलो वजनाइतका रेटतो. १२० ला गेलात की ६७ च्या पुढे, कारण हा हिशोब वेगाच्या वर्गाने वाढतो. कायाक निमुळती असते, तिला एवढा फटका बसत नाही. पण ती लांब असते आणि ट्रकच्या शेजारून जाताना आडवा झोत तिचं नाक उचलू बघतो. म्हणून तिला दांड्यांवरचे दोन पट्टे पुरत नाहीत, पुढून बॉनेटकडे आणि मागून बंपरकडे दोरी हवीच. सायकल उभी ठेवायची तर एक वेगळाच घोळ: पुढचं चाक काढून फोर्क आवळायचे जुने ट्रे कँपान्योलोच्या १९३० च्या क्विक रिलीजला धरून केलेले आहेत. नव्या माउंटन बाइकला आरपार जाणारा जाड आस असतो, त्यावर ते ॲडॅप्टरशिवाय बसत नाहीत. पुन्हा ड्रायव्हर!

मी शेवटी दाराच्या चौकटीला धरणारं किट, विमानाच्या पंखासारख्या आकाराच्या ॲल्युमिनियमच्या दांड्या आणि चाक न काढता सायकल उभी राहणारे ट्रे ठरवले. पंखाच्या आकाराच्या दांड्या महाग आहेत, पण शिट्टी कमी वाजवतात. वरच्या खाचेत कुठल्याही कंपनीचा ट्रे सरकवता येतो, म्हणजे गोल-चौकोनी भांडण निदान दांडीच्या वर तरी मिटलंय. दांडीच्या खाली मात्र जैसे थे.

आणि हो, सोमवारी कॅरियर उतरवून ठेवायचा. चेन आणि मायर या दोघांनी २०१६ साली अमेरिकेतला हिशोब मांडला होता: टपावरच्या कॅरियरांपायी तिथे वर्षाला सुमारे १० कोटी गॅलन पेट्रोल जास्त जळतं, आणि त्यातले कितीतरी कॅरियर रिकामेच फिरत असतात. जे पेट्रोल वाचवायला पन्हळ कापली, तेच पेट्रोल आता तिच्या जागी आलेल्या रिकाम्या दांड्या पितात. माझ्या किटला चार बोल्ट आहेत, उतरवायला दहा मिनिटं लागतात.