मोटारीची जुनी बॅटरी घरातील विजेसाठी कशी वापरतात?

विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या बॅटरीची क्षमता मूळच्या ७० ते ८० टक्क्यांवर आली, की मोटारीचा पल्ला घटतो आणि ती बॅटरी सहसा बदलण्याजोगी मानली जाते. घरातील दिवे-पंख्यांना मात्र मोटारीइतका मोठा प्रवाह लागत नाही. म्हणून अशी बॅटरी घरात आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकते. ॲमस्टरडॅमच्या योहान क्रायफ स्टेडियममध्ये २०१८ साली ‘निस्सान लीफ’ मोटारींच्या नव्या व वापरलेल्या बॅटऱ्यांपासून मोठा वीजसाठा उभारण्यात आला.

मोटारीतील संपूर्ण संचाचा विद्युतदाब बहुधा ३०० व्होल्टच्या वर असतो. एवढा एकदिश दाब प्राणघातक ठरतो. त्यामुळे प्रशिक्षित तंत्रज्ञ संच उघडून त्यातील घट सुटे करतात, प्रत्येकाची क्षमता व अंतर्गत रोध मोजतात आणि सारख्या गुणांचे घट निवडतात. ही निवड महत्त्वाची असते. कारण एकसर जोडणीत सर्व घटांतून एकच प्रवाह वाहतो आणि सर्वांत दुबळा घट संपला, की संपूर्ण संच थांबवावा लागतो.

नसरापूरसारख्या गावातील, छतावर सौर पॅनेल असलेल्या घराचे उदाहरण घेऊ. लिथियम आयर्न फॉस्फेटचा एक घट ३.२ व्होल्टचा असतो. १०० अँपिअर-तासांचे असे १६ घट एकसर जोडल्यास ५१.२ व्होल्ट दाब व नव्या स्थितीत ५.१२ युनिट साठा मिळतो. जुन्या घटांत ७५ टक्के क्षमता उरली, तर तो ३.८४ युनिट होतो. त्यातील ८० टक्केच वापरून इन्व्हर्टरमधील घट वजा केल्यास सुमारे पावणेतीन युनिट हाती येतात. त्यावर ३०० वॉटचा भार नऊ तास चालतो.

घट प्रमाणाबाहेर भारित किंवा रिकामा झाल्यास तापतो; अति तापल्यास आग लागून ती शेजारच्या घटांत पसरते. हे टाळण्यासाठी प्रत्येक घटाचा दाब व संचाचे तापमान पाहणारी नियंत्रण यंत्रणा (बीएमएस) आणि एकदिश प्रवाहासाठीचा फ्यूज अनिवार्य समजावा. संच झोपण्याच्या खोलीत वा जिन्याखाली न ठेवता हवेशीर, सावलीच्या जागी ठेवावा. फुगलेला वा अपघातग्रस्त मोटारीतील घट वापरू नये.

२०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या इतर कचऱ्यात टाकता येत नाहीत. त्या संकलन, नूतनीकरण वा पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे सोपवाव्या लागतात. भंगारातील अनोळखी घटांपेक्षा नोंदणीकृत नूतनीकरण करणाऱ्यांकडील तपासलेला संच घेणे म्हणूनच श्रेयस्कर.